कामाशिवाय येण्याची जागा

मागच्या उन्हाळ्यात नाकाडोंगरीहून माझी मावशी नागपूरला माझ्याकडे आली. तुमसरहून बस, मग ऑटो, हातात कापडी पिशवी, पिशवीत लाखोळीच्या डाळीच्या वड्या. आमच्या इमारतीच्या फाटकावर तिला थांबवलं. त्यात पहारेकऱ्याचा दोष नाही, त्याला ते काम नेमूनच दिलेलं आहे. त्याने वही काढली. नाव, कोणाकडे, फ्लॅट नंबर, मोबाइल, सगळं विचारून लिहिलं. शेवटचा रकाना 'कामाचे स्वरूप' असा होता आणि तिथे मावशीला काही सांगता येईना. लग्नाचं बोलावणं नव्हतं, दवाखाना नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. ती आली होती, एवढंच. शेवटी पहारेकऱ्याने मला फोन लावला आणि मी खाली उतरले. लिफ्टमध्ये मावशी म्हणाली, "काम असन तवाच या लागते का वं तुमच्या इकडं?"

त्या प्रश्नाला मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. तो मनातून गेला मात्र नाही. शहरातलं अंगण का गेलं याचं ठरलेलं उत्तर जागेचं असतं. जमीन महागली, माणसं वाढली, अंगण परवडेनासं झालं. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण आमच्या इमारतीला मोकळी जागा चांगली आहे. मागे हिरवळीचा तुकडा आहे, दोन बाकं आहेत, घसरगुंडी आहे. नाकाडोंगरीच्या आमच्या अंगणापेक्षा ती जागा मोठी आहे. तिथे संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मुलं खेळतात, बाकीचा दिवस ती रिकामी असते. जागा राहिली आणि अंगण गेलं, असं कसं झालं? याचं उत्तर शोधायचं तर अंगणात काय चालायचं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्याचं उत्तरेकडचं टोक. भोवती जंगल, थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खुली खाण. मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर ऐकू येतील असा हा मुलूख. धानाचा मुलूख. आमचं घर मातीचं होतं, पुढे ओसरी, आत दोन खोल्या, मागे सांदवाडी. अंगण घराहून मोठं. त्याला बांबूची ताटी होती. ती रात्री लावायची आणि दिवसभर बाजूला सारलेली असायची.

मार्च सरता सरता मोह गळू लागतो. फुलं पहाटे गळतात म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघायच्या आणि ऊन चढायच्या आत परतायच्या. टोपली अंगणात पालथी व्हायची. ताजं मोहफूल फिकट पिवळं, रसाने टपोरं, बोटांना चिकटणारं. ते एका थरात पसरायचं, दुसऱ्या दिवशी हाताने उलथवायचं, पुन्हा पसरायचं. तीन-चार उन्हं लागली की ते आक्रसतं, मनुकेसारखं तपकिरी होतं आणि वजनाला इतकं हलकं होतं की टोपली रिकामी आहे असं वाटावं. वास एवढा दाट की गल्लीच्या तोंडाशीच कळायचं, कोणाच्या अंगणात मोह पडला आहे. पसरलेल्या फुलांना राखण लागते, शेळ्या आणि कोंबड्या टपलेल्या असतात. आजी पायरीवर काठी घेऊन बसायची. ताटीतून कोणी आत आलं तर ती "ये" म्हणत नसे, "बस" म्हणत नसे. म्हणे, "तिकडची बाजू उलथव." आलेली बाई खाली बसून फुलं उलथवायला लागायची आणि बोलणं आपोआप सुरू व्हायचं. कोणाची गाय आटली, खाणीवर कोणाला कामावर घेतलं, तुमसरच्या बाजारात धानाला काय भाव लागला. अर्ध्या तासाने ती उठून जायची. ती कशाला आली होती हे तिलाही आठवत नसे आणि आम्हालाही.

अंगणाचं सारं मर्म मला या दृश्यात दिसतं. माणूस कामाशिवाय यायचं आणि आल्यावर त्याच्या हाताला काम मिळायचं. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. समोरासमोर रिकामे बसलेले दोघं दोन वाक्यांत संपतात. पापड लाटताना, शेवया करताना, गहू निवडताना माणूस तासभर बोलतं, मधे गप्प राहिलं तरी चालतं. आमच्या इमारतीत याच्या नेमकं उलट होतं. काम असेल तरच माणूस येतं आणि आलं की सोफ्यावर रिकाम्या हाताने बसून राहतं.

मोकळ्या जागेचं अंगण होतं ते अशा कामाने. ते काम उघड्यावर, चारचौघांच्या डोळ्यांदेखत चालतं, आणि न बोलावता आलेल्याला त्यात हात घालता येतो. सकाळचा सडा, आठ-पंधरा दिवसांनी शेणाचं सारवण, धान वाळत घालणं, खाटेचा सुंभ ताणून बांधणं, यातलं बरंचसं एकट्याने होत नाही, आणि घरात तर होतच नाही. मे महिन्यात रात्री घर कोंडतं. उघडी जमीन दिवसभराची उष्णता आकाशाकडे सोडून देते, गार झालेली हवा जड असते आणि ती खाली बसते. म्हणून खाटा अंगणात यायच्या. पाच घरांच्या खाटा ओळीने लागल्या की झोप येईपर्यंत एका खाटेवरची गोष्ट पाचव्या खाटेपर्यंत पोचायची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आम्ही प्रत्येक जण आपापल्या कूलरच्या आवाजात झोपतो.

इथवर लिहिलं की हात थांबतो, कारण हे चित्र अर्धंच आहे. आमच्या अंगणात काही माणसं ताटीपर्यंतच यायची. त्यांना चहा दिला जायचा, पण कप वेगळा असायचा आणि पिऊन झाल्यावर तो विसळून ताटीच्या खांबापाशी पालथा घालायचं काम त्यांचंच. मी हे रोज पाहिलं आहे. तेव्हा त्यात मला वावगं काही दिसलं नव्हतं, ही गोष्ट मला आज जास्त टोचते. जी जागा सगळ्यांना मोकळी म्हणून मी आत्ता वाखाणली, ती सगळ्यांना मोकळी नव्हती. जातीची रेघ नेहमी उंबरठ्यावर असते असं आपण समजतो; खेड्यात ती अंगणातून गेलेली असते, सारवलेल्या जमिनीवर न दिसता.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घराच्या आवारातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ही घटना एका ओळीत उरकते. मला ती अंगणाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. सार्वजनिक हौद खुले होण्याची वाट न पाहता त्यांनी घरचं पाणी मोकळं केलं, म्हणजे घराच्या हद्दीतली रेघ पुसली. पाणी भरायला आलेला माणूस आवारात येतो, घागर खाली ठेवतो, रांगेत थांबतो, दोन शब्द बोलतो. हे सगळं त्या एका निर्णयात येतं. अंगणाची आठवण काढणाऱ्याने, माझ्यासकट, आधी हा हौद आठवावा. शहरात पुन्हा अंगण मागायचं असेल तर ते १८६८ नंतरचं मागायला हवं, आमच्या ताटीच्या खांबापाशी थांबणारं नको.

दुसरी गोष्ट बाईची. सडा, सारवण, राखण, वाळवण हे सगळं बायांच्या कंबरेवर चालायचं. पुरुष अंगणात बसत, बाया अंगण करत. शिवाय अंगणाला शंभर डोळे असतात. सून कधी उठली, पदर कुठे होता, कोणाशी किती वेळ बोलली, याची नोंद घरी पोचायच्या आत गल्लीत झालेली असायची. लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा दाराला आतून कडी लावता येते याचा मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता. बंद दाराने माझ्या पिढीच्या बायांना वाचायला वेळ दिला, रडायला जागा दिली, नवऱ्याशी मोठ्याने भांडायचीही सोय दिली. म्हणून जुन्या अंगणाकडे परत चला असं म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही. मला बंद दार हवं आहे. त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की सरळ लिफ्ट आणि लिफ्टमधून सरळ गाडी, एवढंच आयुष्य मला नको आहे.

बंद दारही हवं आणि अंगणही, यावर शहराने पूर्वी उत्तरं काढली होती. ती काढताना तत्त्वाचा विचार फारसा झाला नसेल, ती अडचणीतून निघाली. वाड्याचा चौक हे त्यातलं पहिलं उत्तर नव्हे. मूळचा वाडा एका घराण्याचा. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक बाहेरच्यांसाठी, आतला घरच्यांसाठी, त्याहून आतला बायकांसाठी. पाहुणा किती आत येणार हे त्याच्या दर्जावर ठरायचं. तो चौक सुंदर होता, पण सामायिक म्हणावा असा नव्हता. सामायिक तो पुढे झाला, वाड्यात भाडेकरू आले तेव्हा. पुण्या-मुंबईकडे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. दहा-पंधरा बिऱ्हाडं एका चौकाभोवती राहू लागली, नोकरदार, विधवा, शिकायला आलेली मुलं, एकमेकांशी नातं नसलेली माणसं, आणि नळ एक.

नागपूरच्या महाल भागात अशाच एका वाड्यात माझी मैत्रीण भाड्याने राहायची. तिच्या चौकात पहाटे साडेपाचला नळ यायचा. बादल्या रात्रीच रांगेत लावून ठेवलेल्या असायच्या आणि कोणाची बादली कोणी मागे सरकवली यावरून आठवड्यातून एकदा तरी भांडण व्हायचं. भांडण खरं असायचं, शिव्या खऱ्या असायच्या. पण त्याच चौकात, त्याच बायकांनी, मैत्रिणीच्या बाळंतपणात तिचं पाणी सव्वा महिना भरून ठेवलं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बादली रांगेत दिसली नाही तेव्हा त्यांना कळलं की ती उठू शकत नाही. भांडायला आणि काळजी घ्यायला एकच जागा लागते, ही गोष्ट मला त्या चौकात कळली. आज आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, त्यामुळे भांडण नाही, आणि शेजारीण उठू शकत नसेल तर ते कळायची सोयही नाही.

हे वाडे टिकले नाहीत. बांधलेल्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला ती करायचा हक्क नव्हता आणि उत्साहही नव्हता. भिंती फुगल्या, तुळया कुजल्या. पुण्यात तर १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. ज्या कायद्याने अनोळखी माणसांना एका चौकात आणलं, त्याच कायद्याने तो चौक हळूहळू पाडला. त्यातून आपण काही शिकलो नाही, याचं मला वाईट वाटतं. सामायिक जागेचा खर्च कोणी उचलायचा हे आधी ठरलं नाही तर ती जागा माणुसकीच्या बळावर फार तर एक पिढी टिकते.

मुंबईतल्या सरकारी चाळींची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीत हवा-उजेड नाही हे सरकारला जाणवलं. १८९८ ला सुधार मंडळ स्थापन झालं, रस्ते पाडले गेले, चाळी बांधल्या गेल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. १६० चौरस फुटांत सहा-आठ माणसं राहू शकत नाहीत. ती राहिली, कारण उरलेलं घर व्हरांड्यात आणि दोन इमारतींमधल्या पटांगणात होतं. तिथे माणसं झोपत, मुलं अभ्यास करत, लग्नाचा मांडव पडे, गणपती बसे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे, तो सार्वजनिक झाला याचं एक साधं कारण चाळीला बसवायला जागा होती. चाळींत जात विरघळली असं म्हणणं खोटं ठरेल. पुष्कळ चाळी जातीच्या, गावाच्या, भाषेच्या हिशेबानेच भरल्या. तरीही खेड्यातल्या ताटीपाशी थांबवलेला माणूस इथे नळाच्या रांगेत नंबरावर उभा राहत होता, हा फरक लहान नाही.

आता त्यातल्या बहुतेक बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, स्वतःचा संडास, लिफ्ट. तीन पिढ्या सामायिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना हे मिळतं आहे याचा मला आनंद आहे. त्यावर नाक मुरडणारे बहुतेक जण स्वतः कधी त्या रांगेत उभे राहिलेले नसतात. पण घर तिपटीने मोठं झालं आणि पटांगण चाळीसाव्या मजल्यावरून दिसणारा ठिपका झालं, तर या व्यवहारात एक गोष्ट मोजलीच गेली नाही. चौरस फूट मोजता येतात. दारात उभं राहून हाक मारली तर खालून कोणी 'ओ' देतं की नाही, याचा रकाना नकाशात नसतो.

दाट वस्ती आणि अंगण यांचं जमतच नाही, असं मला वास्तुरचनेतली मंडळी सांगतात. ते खरं नाही. व्हिएन्नात १९३० साली पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स हॉफमध्ये १,३८२ घरं आहेत. इमारत किलोमीटरहून लांब, पण तिने जमिनीचा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी भाग व्यापला आणि उरलेली जमीन चौक, बाग, रस्त्यांना दिली. कामगार वस्ती होती ती, नगरपालिकेने बांधलेली. तिथे बालवाड्या होत्या आणि सामायिक धुणीघरं होती. मला धुणीघर महत्त्वाचं वाटतं. नुसती बाग दिली असती तर तीही आमच्या मागच्या हिरवळीसारखी संध्याकाळपुरती जागी झाली असती. कपडे धुवायला बाई बाहेर पडते, दुसरी भेटते, चौक भरतो. फुलं उलथवायला बसवणाऱ्या माझ्या आजीला हे व्हिएन्नाच्या नगरपालिकेइतकंच ठाऊक होतं.

आणि आपल्याकडेही झालेलं आहे. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात जी घरं आखली, त्यात सात घरं आठ बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती येतात. अशा तीन गटांची एकवीस घरं बारा बाय बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती, आणि तशी तीन मिळून वीस बाय वीस मीटरच्या पटांगणाभोवती. अंगणातून मोठं अंगण, त्यातून वस्तीचं मैदान. घराला घर चिकटलेलं नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते वाढवलंही, पुष्कळांनी मूळचं घर पाडून वर मजले चढवले, आणि कोरियांची कौलारू घरं आता शोधावी लागतात. अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकली. सात घरांचं अंगण ही मला पटणारी गोष्ट आहे. सात घरांत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, आणि सातांत एकाशी पटलं नाही तरी सहा उरतात. आमच्या इमारतीत चौऱ्याऐंशी फ्लॅट आणि एक हिरवळ आहे. चौऱ्याऐंशी घरांची जागा कोणाचीच नसते, तिची देखभाल एजन्सीकडे असते.

आपल्या बांधकाम नियमांत जागेचं माप नीट दिलेलं आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. खांबांवरची पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या मापात, धरत नाहीत, म्हणून बहुतेक इमारतींचा तळमजला गाड्यांचा झाला आहे. 'चौक' हा शब्दसुद्धा नियमावलीत शिल्लक आहे. तिथे त्याचा अर्थ हवा-उजेडासाठी इमारतीच्या मधे सोडलेली पोकळी असा होतो. लोक तिला डक्ट म्हणतात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अशा चौकात उघडते. त्यात सांडपाण्याचे नळ आहेत, कबुतरं आहेत, आणि खालच्या मजल्यावरची फोडणी वर येते तेवढीच शेजाराची खूण.

आमच्या तळमजल्यावरच्या पार्किंगचं एकदा अंगण झालेलं मी पाहिलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका मे महिन्यात दुपारी वारले. देह घरात ठेवायला जागा नव्हती, लिफ्टमधून खाली आणावा लागला. कोणी न सांगता तरुण मुलांनी स्कूटर बाहेर रस्त्यावर काढल्या, एकाने जमिनीवरचे तेलाचे डाग झाडून वर सतरंजी टाकली. बाया खाली बसल्या, पुरुष खांबांना टेकून उभे राहिले. जिला मी आठ वर्षं लिफ्टमध्ये फक्त मान हलवून भेटत होते ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली आणि मला तिचं नाव कळलं. कोणीतरी माठ आणून ठेवला. त्या दिवशी फाटकावर वही काढली नाही, येणाऱ्या कोणालाही काम विचारलं नाही. चार तास ती जागा सगळ्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर परत आपापल्या क्रमांकावर उभ्या होत्या.

माणसं बदलली, शहरी माणूस कोरडा झाला, असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. माणसं तीच आहेत. जागा मिळाली, हाताला काम मिळालं आणि येण्याची मुभा मिळाली की ती अर्ध्या तासात शेजारी होतात. त्यासाठी कोणीतरी मरावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गावाकडे अंगणं सुखरूप आहेत, अशाही भ्रमात राहू नये. मागच्या दिवाळीत नाकाडोंगरीला गेले तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या अंगणांत सिमेंटचे गट्टू बसवलेले होते. सारवणातून बायांची सुटका झाली, फार चांगलं झालं. पण गट्टूंबरोबर वॉल कंपाऊंड आलं आणि वॉल कंपाऊंडबरोबर लोखंडी फाटक. मावशीच्या शेजारच्या घराला असं फाटक आहे. आतल्या बाईला बोलवायचं तर मावशी आता भिंतीवरून हाक मारते. घरकुलात, पक्क्या घरात भिंतीला पैसे लागतात आणि लोक आधी ते जमवतात, कारण भिंत ही सुधारल्याची खूण झाली आहे. ती खूण त्यांनी आमच्या शहरांकडे पाहून उचलली. ताटीपाशी थांबवलेला माणूस आता फाटकापाशी थांबतो. त्याच्यासाठी आत यायची वाट मधल्या काळात उघडलीच नाही, आणि जिच्यासाठी ती उघडी होती तिलाही ती बंद झाली.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी या वर्षी लेखी मागणी दिली. उन्हाळ्यात गच्ची सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वाळवणाला खुली ठेवावी. हिरवळीच्या कडेला एक नळ, धुवायची शिळा आणि बसायला पार बांधावा. खाली पार्किंगच्या एका कोपऱ्यात दोन गाड्यांची जागा कायमची मोकळी ठेवावी. आणि फाटकावरच्या वहीतून 'कामाचे स्वरूप' हा रकाना काढावा. सुरक्षेसाठी नाव लिहा, नंबर लिहा, फोन करून विचारा, कशाला आलात हे विचारू नका. पहिल्या तीन मागण्यांवर समिती नेमली आहे. चौथीला कोणी विरोध केला नाही, नवीन वही छापून येईल तेव्हा रकाना नसेल असं ठरलं.

तुमच्या वाड्याचा, चाळीचा, जुन्या इमारतीचा पुनर्विकास होणार असेल तर सभेत नकाशा भिंतीवर लावला जाईल आणि सगळ्यांचे डोळे आपल्या खोलीच्या चौरस फुटांवर असतील. तेव्हा उठून विचारा, की ही मोकळी जागा जमिनीवर आहे की पार्किंगच्या छतावर, किती घरांना मिळून ती आहे, तिथे नळ आहे का, आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईला काम झाल्यावर तिथे बसता येईल का. हे सहीच्या आधी विचारा. सही झाल्यावर नकाशा बदलत नाही.